विषय: एन्कार्सिया कार्डांबद्दल हेल्पलाईनने दिलेला चुकीचा सल्ला आणि चुकीचं माहितीपत्रक

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

पॉलीहाऊसमधल्या टोमॅटोवर पांढरी माशी वाढली म्हणून तुमच्याकडून एन्कार्सिया फॉर्मोसाची कार्डं, म्हणजे पांढऱ्या माशीच्या पिल्लांना मारणाऱ्या बारीक मित्रकीटकाचे कोष चिकटवलेली कार्डं, मागवली होती. कार्डं चांगली निघाली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती तुमच्या हेल्पलाईनची आणि सोबतच्या माहितीपत्रकाची, कारण त्यात सांगितलंय तसं केलं तर तुम्हीच विकलेले मित्रकीटक ग्राहकाच्या हातून मरणार.

कार्डं लावल्यावर काही दिवसांनी पानांच्या मागे माशीची पिल्लं काळी पडायला लागली, मी फोटो पाठवला, तर तुमच्या माणसाने सांगितलं की ही काजळी आहे, खालची पानं तोडून जाळून टाका आणि वरून पायरेथ्रॉईड या रासायनिक कीटकनाशकाचा स्प्रे घ्या. अहो, ती काजळी नव्हतीच! काजळी ही बुरशी, ती माशीने सोडलेल्या चिकट गोड द्रवावर वाढते, बहुतेक पानाच्या वरच्या बाजूला, आणि बोटाने पुसली जाते. हे पानामागे घट्ट चिकटलेले, वेगवेगळे, लांबट गोल काळे ठिपके होते. एन्कार्सियाची मादी माशीच्या मोठ्या पिल्लाच्या आत अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि ग्रीनहाऊसमधल्या पांढऱ्या माशीचं पिल्लू साधारण दहा दिवसांत काळं पडतं. म्हणजे काम होतंय याची हीच तर खूण! तीच पानं जाळायची म्हणजे पुढची सगळी पिढी जाळायची. आणि पायरेथ्रॉईडचा अंश पानावर कित्येक आठवडे राहतो, त्यावर नंतर सोडलेले कीटकही टिकत नाहीत.

मी स्प्रे घेतला नाही, पानं ठेवली आणि भिंगाने बघत राहिलो. काळ्या पडलेल्या पिल्लांना, म्हणजे काळ्या कोषांना, गोल भोकं पडली, म्हणजे आतून मित्रकीटक बाहेर आले. पांढरी माशी स्वतः बाहेर पडते तेव्हा इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पडते. हा एवढा सोपा फरक माहितीपत्रकात एका ओळीत छापता आला असता.

उलट त्यात लिहिलंय की नर-मादी दोन्ही दिसेपर्यंत थांबा. कोण दिसणार? या जातीत नर जवळपास नसतातच, वोल्बाकिया नावाचे जिवाणू शरीरात असल्यामुळे नराशिवायच मादीपासून माद्याच होतात, आणि मादी असते जेमतेम 0.6 मिलिमीटर, तीही नुसत्या डोळ्यांना पटकन दिसत नाही. कार्ड शेंड्याला उन्हात बांधा असंही छापलंय, ते खालच्या पानांच्या सावलीत हवं, नाहीतर कोष उन्हाने खराब होतात. बेमिसिया या पांढऱ्या माशीच्या दुसऱ्या जातीत पिल्लं एवढी काळी पडत नाहीत, तपकिरी दिसतात, त्याचा तर कुठे उल्लेखच नाही, मग तो ग्राहक काळे ठिपके शोधत बसणार आणि कार्डं वाया गेली म्हणून परत स्प्रेकडे वळणार.

मला पैसे परत नकोत. माहितीपत्रक दुरुस्त करा, हेल्पलाईनवरच्या लोकांना काळे कोष आणि काजळी शेजारी ठेवून दाखवा, आणि ज्यांना ज्यांना असा सल्ला दिला असेल त्यांना आजच्या आज फोन करून पानं तोडू नका, स्प्रे घेऊ नका असं कळवा. फोटो परत जोडलेत, या वेळी कीटकांची माहिती असलेल्या माणसानेच ते बघून मला लेखी उत्तर द्यावं.

आपला,
एक ग्राहक