खोगीर वेगळे, जीन वेगळे

संपादक महोदय,

वरातीच्या घोड्यांवरील वृत्तात ‘खोगीर’ आणि ‘जीन’ एकाच अर्थाने आले आहेत. दोन्ही शब्द फारसीतले, पण वस्तू दोन. खोगीर म्हणजे लोकर किंवा कापूस भरून शिवलेली जाड गादी, ‘खोगीरभरती’ त्यावरूनच. जीन चामड्याचे आणि आत सांगाडा असलेले. त्यामुळे कण्यावर मोकळी पन्हळ राहते, स्वाराचे वजन दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पसरते.

खोगिराला रिकिबी, म्हणजे स्वाराने पाय ठेवायच्या कड्या, जोडल्या की ताण त्यांच्या पट्ट्याखाली एकवटतो आणि कातडी सोलवटते. घामाने भरावाच्या गाठी झाल्या तरी तेच. तो उसवून पिंजावा, नीट वाळवावा. जिनाचा सांगाडा घोड्याला रुंद पडला, तर ते खांद्यांमधल्या उंचवट्यावर टेकते. स्वार बसल्यावरही तिथे दोन-तीन बोटे जायला हवीत. तंग, म्हणजे पोटाखालून जाणारा पट्टा, पुढच्या पायाच्या कोपरामागे चार बोटांवर आवळावा आणि घोडा थोडा चालवून पुन्हा तपासावा, कारण कसताना पुष्कळ घोडे अंग फुगवतात.

इंदुरात वरातीच्या घोडीवर जरीची झूल असते. नवरदेवाला बसवण्याआधी ती उचलून खालची पाठ जरूर पाहावी.

– एक अश्वप्रेमी, इंदूर