नातू तो नातूच

सांगली,
मंगळवार

प्रिय कुंदा,
सप्रेम नमस्कार.

आजीबाई, मनापासून अभिनंदन! फोटो दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरले. पेढेही आणले, पण ह्यांना साखर वर्ज्य, तेव्हा तुझ्या नातवाच्या नावाने मीच खाल्ले.

फोनवर तू हसत हसत सांगितलंस खरं, पण जाऊबाईंचं ते बोलणं तुला लागलंय हे मला कळलं. "लेकीचं पोर, शेवटी परक्या घरचं." राग आला की मला धड बोलता येत नाही, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता पत्रात बोलते.

अगं, मराठीला हा भेद ठाऊकच नाही. मुलाचा मुलगा नातू आणि मुलीचा मुलगाही नातूच. हिंदीत पोता वेगळा, नाती किंवा नवासा वेगळा; पोर कुणाचं ते बातमी सांगतानाच उघड होतं. चिनी भाषेत तर लेकीच्या मुलाला 'वायसुन' म्हणतात, त्यातला 'वाय' म्हणजे बाहेरचा. जाऊबाईंना चिनी छान जमली असती! आपल्याकडे उलट आईच्या माहेराला 'आजोळ' हा खास शब्द आहे, वडिलांच्या आईवडिलांच्या घराला तसा एकही नाही. नातवंडं म्हणजे दुधावरची साय म्हणतात ना? मग साय धरायच्या आधी दूध कुणाच्या गोठ्यातलं ते विचारते का?

त्या म्हणतीलच, संस्कृतात पौत्र आणि दौहित्र निराळे आहेत. आहेत की. पण त्यांना म्हणावं, श्राद्धात पवित्र म्हणून मनुस्मृतीने कोणत्या तीन गोष्टी सांगितल्यात? दौहित्र, कुतप आणि तीळ. कुतप म्हणजे दिवसाचा आठवा मुहूर्त की कांबळं, ते शास्त्रीबुवा बघून घेतील. पहिला मान लेकीच्या लेकाचा. आणि आजेपाडव्याला, म्हणजे ऐन घटस्थापनेच्या दिवशी, नातू आईच्या वडिलांचं श्राद्ध करतो तो काय परका म्हणून? बाळाच्या जन्माच्या पत्रात हा विषय नको होता, पण काढला त्यांनी.

खरी गंमत पुढेच आहे. आपला नातू संस्कृत 'नप्तृ'वरून आला आणि पणतू 'प्रणप्तृ'वरून. ह्या नप्तृचा लॅटिनमधला भाऊबंद म्हणजे 'नेपोस'. तोही आधी नातूच, पुढे पुतण्या-भाचेही त्यात शिरले. इटालियनमध्ये आजही नातू, नात, पुतण्या, भाची, सगळ्यांना मिळून एकच शब्द, 'निपोते'. रोमचे पोप आपापल्या निपोतेंची मोठमोठ्या पदांवर सोय लावायचे, त्यावरून 'नेपोटिझम'. म्हणजे ज्या घराणेशाहीच्या नावाने टीव्हीवर रोज गळे काढतात, तिचं आणि तुझ्या नातवाचं मूळ एकच निघालं!

त्यातल्या तिसऱ्या पॉलची गोष्ट जाऊबाईंसाठी जपून ठेव. हा १५३४ साली पोप झाला तेव्हा साठी ओलांडलेली. गादीवर बसून तीन महिनेही झाले नाहीत, तोच डिसेंबरात ह्याने आपल्या दोन नातवांना कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, करून टाकलं. एक अलेस्सांद्रो, वय १४. दुसरा ग्विदो आस्कानिओ, वय १६. आठवी-दहावीतली पोरं गं! (पोपला नातवंडं कुठून, असं विचारू नकोस. ते दिवसच तसे होते.) तर अलेस्सांद्रो होता मुलाचा मुलगा आणि ग्विदो मुलीचा. म्हातारा पक्का पक्षपाती, पण लेकाच्या आणि लेकीच्या पोरात त्याने पक्षपात केला नाही.

तुझ्या नातवाच्या गावी, स्टॉकहोममध्ये, हे सगळं फारच सरळ आहे. मुलाचा मुलगा 'सोनसोन', मुलीचा 'दोतेरसोन', आणि नातवंडं सगळी मिळून 'बार्नबार्न', मुलांची मुलं. कुणाचं ते कळतं, पण आतला-बाहेरचा कुणी नाही. तू त्याची 'मोरमोर', आईची आई. म्हणताना मात्र ते 'मुरमुर'च्या जवळ जातं म्हणे, तेव्हा नातू उद्या मुरमुऱ्यांच्या नावाने हाका मारायला लागला तर दचकू नकोस.

नावाचं काय ठरलं? भाऊजींचं नाव ठेवायचा घोळ घालू नका हं. आजोबांचं नाव नातवाला द्यायची रीत जुनी आहे, कबूल. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, थोरल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव. नावासोबत कर्तृत्व येतंच असं नाही, हे त्या दुसऱ्याने दाखवलंच. तमिळमध्ये नातवाला 'पेरन' म्हणतात, त्यात 'पेर' म्हणजे नाव. जर्मन 'एंकेल' तर मुळात 'छोटा आजा'. पण सासऱ्याचं नाव घेऊन पोराला दटावायचं कसं, ह्या पेचातूनच तर आपल्याकडे घरोघरी नाना न् बापू झाले! शिवाय 'पुरुषोत्तम' तिथल्या बालवाडीत कुणाच्या तोंडात बसणार? लेकीला हवं ते ठेवू दे.

दुपटी शिवायला घेतलीत. माझी जुनी सुती पातळं धुऊन धुऊन मऊसूत झालीत, त्यांचीच करतेय. जरीचे काठ उसवून टाकले, बाळाच्या गालाला टोचतात. कुंचीला आतून फ्लॅनेल लावीन म्हणते, तिकडची थंडी आपल्यासारखी नव्हे. बॅगेत किती किलो चालतं ते विचारून कळव, म्हणजे डिंकाचे लाडू किती करायचे ते ठरवता येईल. डिंक घरात आहे, खारीक तेवढी तू येताना कोल्हापुरातून आण, इथे यंदा चांगली मिळत नाहीये.

भाऊजींना नमस्कार, लेकीला आणि बाळाला अनेक आशीर्वाद.

तुझी,
शालू