जहाजावरील पोकरमधली कपात तिकिटाबरोबरच सांगितली जावी

महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत आणि सहल कंपन्यांच्या जाहिरातींत सागरी सहलींची माहिती नेहमी येते. त्यात पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, मुलांची खेळघरे यांच्याच ओळीत ‘कॅसिनो’ असा उल्लेख असतो. तलाव आणि नाट्यगृह यांचा खर्च तिकिटात धरलेला असतो, कॅसिनोचा मात्र नसतो, आणि तिथे बसणाऱ्याकडून ताशी सरासरी किती रक्कम काढून घेतली जाते, हे तिकीट घेताना कोणीही सांगत नाही. मी संख्याशास्त्राचा निवृत्त अध्यापक आहे आणि पोकर हा खेळ मला मनापासून आवडतो. संभाव्यतेचे गणित आणि समोरच्याच्या स्वभावाची पारख यांचा इतका सुरेख मेळ पत्त्यांच्या फार थोड्या खेळांत आढळतो. या खेळाच्या नावावर जहाजांवर जे चालते, त्याविषयी मराठी वाचकांना आधी कल्पना असावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सिंगापूरहून किंवा अमेरिकेतील मायामीहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजांच्या कॅसिनोत ‘पोकर’ असे लिहिलेली जी टेबले दिसतात, त्यांतील बहुतेकांवर प्रवासी एकमेकांशी खेळत नसून प्रत्येक जण स्वतंत्रपणे कंपनीशी खेळत असतो. समोरचा डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा कंपनीचा माणूस, ठरलेल्या नियमांनुसार पत्ते उघडतो. त्याला घाबरवता येत नाही, त्याच्या चेहऱ्यावरून काही ताडता येत नाही आणि त्याच्याशी ब्लफ करणे, म्हणजे हलके पत्ते भारी असल्याचे भासवणे, तर अशक्यच असते. ‘थ्री कार्ड पोकर’ हा प्रकार आपल्या तीन पत्तीसारखा दिसतो. तिथेही तीन पत्ते मिळतात आणि सिक्वेन्स कलरपेक्षा वरचा धरला जातो, त्यामुळे दिवाळीत घरी तीन पत्ती खेळणाऱ्या आपल्या लोकांना हे टेबल लगेच जवळचे वाटते. परंतु प्रत्येक निर्णय गणिताने अचूक घेतला, तरी पहिल्या बोलीच्या सुमारे ३.४ टक्के रक्कम दीर्घकाळात कंपनीकडेच जाते. अंदाजाने खेळणाऱ्याचे नुकसान त्याहून जास्त होते आणि जोडीला लावल्या जाणाऱ्या वेगळ्या बोलींवर ते आणखी वाढते.

‘कॅरिबियन स्टड’ या डीलरविरुद्धच्याच पाच पत्त्यांच्या प्रकारात हे प्रमाण सुमारे ५.२ टक्के आहे. त्यातील एक नियम नवख्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. समजा, आपण १० डॉलरची पहिली बोली लावली, हाती फुल हाऊस (तीन पत्ते एका किमतीचे आणि दोन दुसऱ्या किमतीचे) आले आणि नियमाप्रमाणे आणखी २० डॉलर पुढे सरकवले. डीलरकडे निदान एक्का-राजा असेल आणि आपला हात, म्हणजे मिळालेले पाच पत्ते, वरचढ ठरला, तर १५० डॉलरचा नफा व्हावा असा दर टेबलावर छापलेला असतो. परंतु डीलरकडे एक्का-राजाइतकेही पान नसेल, तर वाढवलेली बोली जशीच्या तशी परत मिळते आणि हाती फक्त १० डॉलर पडतात. शंभरातून सुमारे ४४ वेळा डीलरचे पान असे हलके निघते. उत्तम हात आला असता तो वाया जाण्याची शक्यता इतकी मोठी आहे, हे टेबलाच्या हिरव्या कापडावर कुठेही छापलेले नसते.

प्रवाशांनी एकमेकांशी खेळण्याचे खरे पोकर, म्हणजे ‘टेक्सास होल्डेम’, काही जहाजांवर असते, पण तिथले गणित वेगळ्या कारणाने अंगावर येते. प्रत्येक डाव संपला, की डीलर पॉटमधून, म्हणजे त्या डावात जमलेल्या रकमेतून, काही चिपा (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) उचलतो आणि टेबलाच्या कडेला असलेल्या खाचेत टाकतो. हालचाल इतकी सराईत असते, की जिंकणाऱ्याचे लक्ष समोर येणाऱ्या ढिगाकडेच राहते. या कपातीला ‘रेक’ म्हणतात. आपल्याकडच्या अड्ड्यांवर मालक जी नाल काढतो, तीच ही. सर्वसाधारणपणे ती पॉटच्या १० टक्के असते. लास व्हेगासमधील मोठ्या कॅसिनोंत एका डावातील कपातीवर काही डॉलरची कमाल मर्यादा असते, कारण शेजारी दुसरा कॅसिनो असतो आणि महाग टेबल सोडून लोक तिकडे जातात. भर समुद्रात शेजारी दुसरे काहीच नसते, त्यामुळे जहाजावर ही कमाल मर्यादा बऱ्याचदा वाढीव असते.

आता आकडेमोड पाहावी. नऊ जण प्रत्येकी २०० डॉलर घेऊन बसले, तर टेबलावर १,८०० डॉलर असतात. डावामागे सरासरी ५ डॉलर कापले गेले आणि तासाला २५ डाव झाले, तर ताशी १२५ डॉलर खाचेत जातात. चार तासांत ही रक्कम ५०० डॉलर होते, म्हणजे टेबलावरच्या एकूण पैशांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक. हे पैसे कोणीही दुसऱ्या खेळाडूकडे हरलेले नसतात, तरी ते परत कोणालाच मिळत नाहीत. डीलरला द्यायची टिप याशिवाय. टेबलावरील इतरांपेक्षा थोडेसे बरे खेळणारा माणूसही अशा स्थितीत तोट्यात जातो, ही गोष्ट पोकरवर प्रेम करणाऱ्याला बोचणारी आहे, कारण या खेळात कौशल्याला फळ मिळते या विश्वासावरच तो बसलेला असतो. काही जहाजांवर डीलरऐवजी पडदे बसवलेली स्वयंचलित टेबले आहेत. तिथे पत्ते पिसण्याचा आणि चिपा मोजण्याचा वेळ वाचतो, ताशी डाव वाढतात आणि त्या प्रमाणात कपातही वाढते.

यावर देखरेख कोणाची, हाही प्रश्न आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, एवढी देशाची सागरी हद्द असते. जहाजावरचे कॅसिनो बंदरात बंद राहतात आणि खुल्या समुद्रात गेल्यावर उघडतात ते याच कारणाने. त्यापुढे ज्या देशाचा झेंडा जहाजावर आहे त्याचा कायदा लागू होतो, आणि हे झेंडे बहुतांशी बहामा, पनामा अशा देशांचे असतात. लास व्हेगास ज्यात आहे त्या नेवाडा राज्यात कॅसिनोविरुद्ध तक्रार घेऊन जाण्यासाठी सरकारी नियंत्रण मंडळ आहे. जहाजावरच्या प्रवाशाला मात्र आधी कंपनीच्याच माणसांपुढे दाद मागावी लागते. त्यात चिपांचे पैसे अनेक जहाजांवर खोलीच्या कार्डावर लिहून घेता येतात आणि त्यावर वेगळे शुल्कही लागू शकते, त्यामुळे रोख नोटा हातातून जाताना माणूस जसा थबकतो तसा तो इथे थबकत नाही.

हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मुंबई बंदरातूनच ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले आणि मुंबईचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलही उभे राहिले आहे. दुसरीकडे, महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देणारा १९७६चा कायदा कधीही अमलात आणला नाही आणि २०२३ साली तो रद्दच केला. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राच्या नव्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन पोकरवरही बंदी आणली. राज्यातील जमिनीवर कॅसिनो नको, मोबाइलवर पोकर नको, असे ठरवणाऱ्या शासनव्यवस्थेने आपल्याच धक्क्यावरून प्रवासी घेणाऱ्या जहाजाला निदान काही प्रश्न विचारणे आवश्यक आहे. मांडवी नदीतील कॅसिनो जहाजांसाठी गोवा सरकारने परवान्याच्या अटी घातल्या आणि १ फेब्रुवारी २०२० पासून स्थानिकांना तिथे खेळण्यास मज्जाव केला. त्या अंमलबजावणीविषयी मतभेद असू शकतात, पण सरकार अटी घालू शकते एवढे त्यावरून दिसते.

माझे म्हणणे बंदी घालावी असे नाही. डिस्नी आणि वायकिंग या कंपन्या आपल्या समुद्री जहाजांवर कॅसिनो ठेवतच नाहीत आणि तरीही त्यांची जहाजे चालतात, ही गोष्ट सहल निवडणाऱ्या कुटुंबांना ठाऊक असावी, इतकेच. ज्यांना पोकर खेळायचे आहे त्यांनी जरूर खेळावे, पण रेक किती टक्के, एका डावातून कमाल किती, डीलरविरुद्धच्या प्रत्येक प्रकारात कंपनीचा हिस्सा किती आणि कार्डावर चिपा घेतल्यास शुल्क किती, हे तपशील तिकिटाबरोबर मराठीतून लेखी मिळाले पाहिजेत. भारतात राहणाऱ्याला अशा जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर भरावा लागतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही, हेही सहल कंपनीने आधीच सांगावे. समुद्रातील खेळावर आपला कायदा चालत नसला, तरी तिकिटाची विक्री मुंबई-पुण्यातील कार्यालयांत होते आणि प्रवासी आपल्या धक्क्यावरून चढतात. तिथे ही माहिती देण्याची अट घालण्यास कोणताही अडथळा दिसत नाही. नौवहन महासंचालनालय आणि राज्याचा पर्यटन विभाग यांनी ती घालावी, आणि तोपर्यंत आपल्या पुरवणीने सागरी सहलीच्या प्रत्येक लेखासोबत ही माहिती कंपन्यांकडून मागवून छापावी, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे