जरीपटक्याच्या आजी, तुमचे मनापासून आभार

आदरणीय आजी,
सप्रेम नमस्कार.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातून उठून नागपुरात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांसोबत आम्ही काम करतो. त्यांच्या शेजाऱ्यांना आणि मुलांच्या शिक्षकांना तुम्ही फाळणीच्या आठवणी सांगितल्यात, त्याबद्दल हे जाहीर पत्र.

विस्थापनाची कहाणी ऐकून लोक हळहळतात आणि घरी जातात, हा नेहमीचा अनुभव. नुसतं दुःख ऐकलं की करण्यासारखं काही सापडत नाही. तुम्ही रोजचा व्यवहार सांगितलात. कराचीहून बोटीने मुंबई, मग कल्याणची छावणी, रेशनच्या रांगेत घरातलं कोण उभं राहायचं, पापड लाटून पहिले पैसे कसे हाती आले. आणि शाळा! सिंधी तुम्ही अरबी वळणाच्या लिपीत शिकलेल्या. देवनागरी वाचता येईना म्हणून तिसरीतल्या मुलीला पुन्हा पहिलीत बसवलं.

हे ऐकल्यावर शिक्षकांनी धरणामुळे कुही तालुक्यातून आलेल्या मुलांबद्दल नेमके प्रश्न विचारले, आणि आमचं अर्धं काम झालं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात घ्यायचं असतं (कलम 4) आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही (कलम 5). हे आम्ही आधीही सांगत होतो. तुमच्यानंतर ते ऐकलं गेलं.

तुम्ही दुःखाची बरोबरी केली नाहीत, याचे आभार तर वेगळेच मानायला हवेत. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला, वैनगंगेकाठची गावं पाण्याखाली गेली. परतीची वाट दोघांनाही नाही. पण धरणग्रस्तांना वर ऐकावं लागतं, ‘पैसे मिळाले ना?’ 1894 च्या भूसंपादन कायद्यात मोबदला मुख्यतः जमीन आणि घराच्या मालकाला मिळे. सामायिक सातबारा असला की रकमेचे भावाभावांत तुकडे. दुसऱ्याच्या शेतात राबणारा मजूर किंवा नदीवर पोट असलेला ढिवर, त्याच्या हाती काय येणार? ‘ज्याची जमीनच नव्हती त्याचं काय झालं?’ हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून शेजारी गप्प झाले आणि मग ऐकू लागले.

इतर मोहल्ल्यांत अशी बैठक घेणाऱ्यांना आम्ही आता तुमचीच रीत सांगतो. ऐकणारे तिसाच्या आत, सांगणं 25 मिनिटांपर्यंत. त्यापुढे सांगणारी व्यक्ती थकते आणि नको त्या आठवणीत अडकते. कोणता भाग सांगायचा नाही, हे तिला आधीच विचारून घ्यावं. चित्रीकरणाची परवानगी बैठकीआधी घ्यावी आणि नंतर पुन्हा एकदा, कारण बोलण्याच्या भरात घरच्यांची नावं निघून जातात. ‘तेव्हा कसं वाटलं?’ असं विचारलं की रडू येतं आणि बैठक तिथेच संपते. ‘पहिल्या रात्री चूल कशावर पेटवली?’ असं विचारलं की ऐकणाऱ्याला आज शेजारच्या खोलीत काय कमी आहे ते सुचतं. उठण्याआधी एक काम ठरवावंच: दाखल्याचा पाठपुरावा, रेशनकार्डावरचा पत्ता किंवा भाडेकरारासाठी साक्षीदार.

आजी, कुहीच्या बायांना आता स्वतः बोलायचं आहे. पुढच्या बैठकीला तुम्ही ऐकायला याल का? न्यायला-आणायला गाडी पाठवू.

आपले ऋणी,
विस्थापित कुटुंबांसोबत काम करणारे आम्ही सारे, नागपूर