हात केला की गाडी थांबते

किनब्रेस, स्कॉटलंड
16 जून 2019

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी अगदी मजेत आहे. इथे फोन धड लागत नाही, म्हणून पत्र लिहितेय. काळजीचं काही कारण नाही.

बाबा, तुम्ही विचारलंत, मास्तरच नाही असं स्टेशन कसं? नाही खरंच. तिकीट खिडकीही नाही. एक फलाट आणि 1874 साली टाकलेली एकेरी लाइन. रविवार सोडून दिवसाला चार गाड्या इकडून, चार तिकडून, आणि त्याही आपणहून थांबत नाहीत. ड्रायव्हरला लांबून दिसेल असं उभं राहायचं आणि गाडी दिसली की हात करायचा, आपण फाट्यावर एसटीला करतो तसा. संकोचून अर्धाच हात वर केला तर उपयोग नाही. चांगला लांब करायचा आणि गाडीचा वेग कमी होईपर्यंत खाली घ्यायचा नाही. फलाटावर कुणी दिसलं नाही आणि आत कुणाला उतरायचं नसलं, की गाडी सरळ पुढे जाते. उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगून ठेवायचं. तिकीटही तोच देतो. माझ्या एकटीसाठी दोन डब्यांची गाडी थांबते तेव्हा फार भरून येतं.

आणि टोकन, म्हणजे पुढच्या टप्प्यात गाडी नेण्याची परवानगी, इथेही आहे बरं का! पुढच्या फोर्सिनार्ड स्टेशनात ड्रायव्हर इनव्हर्नेसशी रेडिओवर बोलतो आणि पुढच्या टप्प्याचं टोकन त्याच्या केबिनमधल्या यंत्रावर येतं. 1985 पासून टोकन असं रेडिओवरच मिळतं. हातात काही येत नाही, पण तुम्ही रेल्वेत जन्मभर सांभाळलात तोच नियम: एका टप्प्यात एकच गाडी. तुम्हाला हे दाखवायला हवं होतं.

आई, मी अंधारात एकटी उभी असते असं मनात आणू नकोस. जूनमध्ये इथे रात्री दहानंतरही उजेड असतो. दलदलीतलं काम असलं तरी बूट गुडघ्यापर्यंत आहेत, पाय कोरडे राहतात. पूर्वी या दलदलीवर लावलेली झाडं काढून तिच्यात पुन्हा पाणी धरताहेत. मी त्या पाण्याची पातळी मोजते. चांगलं काम आहे.

दोनशे वर्षांपूर्वी जमीनदारांनी मेंढ्यांसाठी या खोऱ्यातली माणसं हुसकावली. काही थेट कॅनडाला गेली. हेल्म्सडेल गावात त्यांचा पुतळा आहे. त्यातली बाई मूल छातीशी धरून मागे बघतेय. मला तिथे फार वेळ थांबवेना. पण मला कुणी हुसकावलेलं नाही, मी शिकायला आलेय आणि परत येणार आहे.

पैसे या आठवड्यात पाठवते. आधी कर्जाचा हप्ता भरा, उरतील ते मनूच्या साखरपुड्याला. मला सप्टेंबरपर्यंत इथून हलता येणार नाही. हे मनूला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका. लग्न मात्र डिसेंबरनंतरचं धरा, मी नक्की येते. नाशिकच्या स्थळाला माझा नकार कळवा. मोठीच्या आधी धाकटीचं कसं, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. माझ्यासाठी तिचं अडवू नका.

बाबा, गुडघा दाखवलात का? खर्चाकडे बघून टाळू नका, तेवढे मी पाठवीन.

तुमची,
सुमी