पेडल आपल्या वर्कशॉपात बनू दे

हॅम्बुर्ग

प्रिय दादा आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार. आईची तब्येत आता बरी आहे हे कळलं, जिवात जीव आला. तिला म्हणावं, गोळ्या वेळेवर घे आणि गच्चीत वाळवणं घालायला एकटी जाऊ नकोस.

आता अथर्वच्या फ्लाइट सिम्युलेटरचं, म्हणजे हुबेहूब विमान उडवल्यासारखं वाटणाऱ्या त्या कॉम्प्युटर खेळाचं. फोनवर तुम्हा दोघांचं म्हणणं नीट ऐकलं. दादा, तुझं म्हणणं की कन्सोल, म्हणजे खेळांसाठीचा तयार डबा घ्यावा, टीव्हीला जोडावा, विषय संपला. अथर्वचं म्हणणं पीसीच हवा. आणि वहिनी, तुमचं म्हणणं की अकरावी सायन्सचं वर्ष आहे, यातलं काहीच नको. फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: पीसी घ्या. त्याचं खरं कारण तुझ्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात आहे, पण तिथं जरा वेळानं येते.

कन्सोल वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या हॉलमध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स हा कन्सोल आहे आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर मी त्याच्यावर मनापासून उडवलाय. २०२० सालची आवृत्ती आधी पीसीवर आली आणि जुलै २०२१ मध्ये एक्सबॉक्सवर. २०२४ची नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्हीकडे एकदमच आली आणि डिसेंबर २०२५पासून प्लेस्टेशन ५ या दुसऱ्या कन्सोलवरही मिळते. म्हणजे 'कन्सोलवर खरा सिम्युलेटर नसतो' हे अथर्वचं म्हणणं आता खरं नाही, त्याला तसं सांग. विमानं तीच, जग तेच, हवामान तेच. शिवाय ड्रायव्हर सॉफ्टवेअर, सेटिंग, अमुक पार्ट तमुकशी जुळतो का, ही डोकेदुखी नाही. बटण दाबलं की चालू. सिरीज एक्स भारतात आला तेव्हा ४९,९९० रुपयांना होता आणि धाकटा सिरीज एस ३४,९९०ला. तेवढ्या पैशात तेवढं चित्र दाखवणारा पीसी तेव्हाही होत नव्हता, आजही होत नाही. त्यामुळे घरात नुसतं हौसेनं, सुट्टीच्या दिवशी तासभर विमान फिरवायचं असतं, पन्हाळा वरून बघायचा, रंकाळ्यावर घिरटी घालायची एवढंच असतं, तर मी तुझ्याच बाजूनं बोलले असते. फक्त सिरीज एस घेऊ नका म्हणाले असते. त्याची मेमरी १० जीबी, मोठ्याची १६. सिम्युलेटरला तो फरक चांगलाच जाणवतो.

पण अथर्वला ते नकोय. त्यानं मला काय विचारलं माहितीये? 'आत्या, उजळाईवाडीला एटीआर उतरवताना शेवटच्या शंभर फुटांत माझं विमान डावी-उजवीकडे का डुलतं?' एटीआर म्हणजे दोन पंख्यांचं ते प्रवासी विमान. मित्राच्या घरी कन्सोलवर त्यानं हे करून बघितलंय. उजळाईवाडीच्या आपल्या कोल्हापूर विमानतळाची धावपट्टी ०७/२५, म्हणजे एका बाजूनं होकायंत्राच्या ७० अंशांकडं आणि उलट बाजूनं २५० अंशांकडं तोंड असलेली, लांबी १,९३० मीटर, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच. पावसाळ्यात २५च्या दिशेनं उतरताना पश्चिमेचा वारा जवळजवळ समोरून येतो, म्हणजे वाऱ्याचा तसा त्रास नाही. सगळा घोटाळा हातातल्या गेमपॅडचा, म्हणजे कन्सोलसोबत येणाऱ्या बटणं-काड्यांच्या रिमोटचा आहे. त्याची काडी मधल्या जागेपासून जेमतेम सेंटिमीटरभर हलते. तेवढ्या हालचालीत अख्ख्या विमानाचा कल सांभाळायचा, त्यामुळे बोट केसभर सरकलं तरी पंख कलतो, मग ते सुधारायला उलटा दाब, मग पुन्हा उलटा. आणि रडर, म्हणजे विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीतली फळी, ती खऱ्या विमानात दोन पायांनी चालते. गेमपॅडवर ती मागच्या दोन ट्रिगरवर असते, आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणं, बटणावर. पायाचं काम बोटानं केलं की पायाला शिकायला काहीच उरत नाही. एटीआरचं एक इंजिन उड्डाणात बंद पडलं तर नाक सरळ ठेवायचं काम मुख्यतः पायांचंच असतं.

म्हणून दादा, कन्सोल की पीसी या प्रश्नाच्या आधी हातात आणि पायाखाली काय असणार हे ठरवावं लागतं. आणि तिथंच कन्सोल अडतो. एक्सबॉक्सला फक्त त्याच्यासाठी परवाना घेऊन बनवलेली जॉयस्टिक चालते. प्लेस्टेशनची एक्सबॉक्सला चालत नाही, एक्सबॉक्सची प्लेस्टेशनला चालत नाही. पीसीला मात्र यूएसबीवरचं जवळजवळ काहीही चालतं. घरी बनवलेलंसुद्धा.

आता वर्कशॉप. बाजारातले बरे रडर पेडल महाग असतात आणि स्वस्तातले प्लॅस्टिकचे, जोर लावला की फरशीवरून सरकणारे. तुझ्याकडे लेथ आहे, ड्रिल मशीन आहे, वेल्डिंग आहे, हाताशी टर्नर आहे. रडर पेडलमध्ये असतं तरी काय? मधोमध एक आडवी पट्टी, ती एका खिळीवर फिरते, दोन टोकांना दोन पेडल. एक पुढं गेला की दुसरा मागं येतो. मधल्या खिळीला ६०८ नंबरची दोन बेअरिंग घाल, ८ मिलिमीटर भोक आणि २२ मिलिमीटर बाहेरचा व्यास, कुठंही मिळतात. पट्टीच्या दोन बाजूंना ताणाच्या स्प्रिंग, म्हणजे पाय सोडला की पेडल आपोआप मध्ये येतो. बूड एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, जाड प्लेटचं कर, वजनानंच जागेवर बसेल.

आता ही हालचाल कॉम्प्युटरला कळायची कशी? खिळीच्या टोकाला एक छोटा चुंबक बसवायचा आणि त्याच्यासमोर हॉल सेन्सर. चुंबक फिरला की सेन्सरमधून येणारं व्होल्टेज बदलतं. घासणारा भागच नाही, त्यामुळे झिजायचा प्रश्न नाही. साध्या जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतो, तो घासून घासून वर्ष-दोन वर्षांत खरखरायला लागतो आणि मग मध्ये ठेवलेली काडीसुद्धा थरथरते. सेन्सरची वायर जायची आर्डुइनो लिओनार्डो नावाच्या छोट्या बोर्डला. या बोर्डची खुबी अशी की तो पीसीला स्वतःची ओळख जॉयस्टिक म्हणून करून देऊ शकतो. सेन्सरचं व्होल्टेज तो १,०२४ पायऱ्यांत वाचतो, आपल्याला तेवढं भरपूर झालं. एक गोष्ट मात्र तुझ्या टर्नरला बजावून सांग: सेन्सरच्या आसपासचा ब्रॅकेट लोखंडाचा नको. लोखंड चुंबकाचं क्षेत्र ओढून घेतं आणि आकडे वेडेवाकडे येतात. तिथं ॲल्युमिनियम किंवा नायलॉन वापरा.

हे काम अथर्वनं तुझ्याशेजारी उभं राहून करावं असं मला फार वाटतं. त्याला कोडिंग येतं, तुला धातू कळतो. पुढं थ्रॉटल बनवा. एटीआरला इंजिनाचा जोर ठरवणारे दोन पॉवर लिव्हर आणि पंखा व इंधन सांभाळणारे दोन कंडिशन लिव्हर असतात. त्यानंतर बटणांचं पॅनेल, त्यासाठी मोबिफ्लाइट नावाचा मोफत सॉफ्टवेअर आहे. यातलं काहीही कन्सोलला जोडलं तर तो ओळखणार नाही. कन्सोल घेतला की प्रत्येक वस्तू विकत घ्यावी लागते, आणि आपल्या घरात एवढी यंत्रं असताना मला ते पटत नाही.

सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. कन्सोलवर नवीन विमान किंवा विमानतळ हवा असेल तर सिम्युलेटरच्या आतल्या दुकानातून घ्यायचा, दुसरा रस्ता नाही. पीसीवर लोकांनी फुकट वाटलेले विमानतळ फोल्डरमध्ये टाकले की झालं. आणि स्वतः विमानतळ बनवायची साधनं मायक्रोसॉफ्ट पीसीवर मोफत देते. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली सुरू केलेला आपला विमानतळ, मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालेली ती वाड्यासारख्या कमानींची नवी टर्मिनल इमारत, हे अथर्व ब्लेंडर या थ्रीडी आकार बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उभं करू शकेल. जगाच्या पाठीवर कुणीही उजळाईवाडीला उतरला तर त्याला कोल्हापूर कोल्हापूरसारखं दिसलं पाहिजे, असं मला इथं बसून सारखं वाटतं. शिवाय व्हॅटसिम नावाची ऑनलाइन जागा आहे, तिथं हवाई वाहतूक कंट्रोलरच्या भूमिकेतली खरी माणसं रेडिओवर बोलतात आणि वैमानिकाला इंग्रजीत नेमक्या शब्दांत उत्तर द्यावं लागतं. तीही पीसीवरच. एक्स-प्लेन १२ हा दुसरा उत्तम सिम्युलेटरही कन्सोलवर नाही.

आता पैशाचं. तू लाखाच्या आसपास म्हणालास. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव जगभर चढलेत, त्यामुळे ओढाताण होईल, पण जमेल. राजारामपुरीतल्या दुकानदाराकडं गेलास की तो आधी ग्राफिक्स कार्डाचं कौतुक सांगायला लागेल. तू आधी प्रोसेसर आणि मदरबोर्ड विचार. सिम्युलेटरचा भार प्रोसेसरवर फार पडतो, आणि त्यातही एकाच मुख्य धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालणाऱ्या कामावर, म्हणून जास्त कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) असले म्हणजे भागलं असं नाही. एएमडी कंपनीचे प्रोसेसर बसतात त्या एएम५ सॉकेटचा बोर्ड घे आणि त्यावर सध्या त्यांचाच साधा सहा कोअरचा रायझन प्रोसेसर बसव. पुढं पैसे आले की त्याच बोर्डवर एक्स३डी प्रकारचा प्रोसेसर बसतो. ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल-थ्री कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी आहे आणि सिम्युलेटरला तिचा मोठा फायदा होतो. कन्सोलमध्ये असं काही बदलता येत नाही, अख्खा डबाच नवा घ्यावा लागतो. रॅम ३२ जीबी, १६च्या दोन पट्ट्या. २०२४च्या आवृत्तीला किमान १६ लागते, पण शिफारस ३२चीच आहे. इथं काटकसर नको. ग्राफिक्स कार्ड मधलं चालेल, फक्त त्याची स्वतःची मेमरी १२ किंवा १६ जीबी असलेलं मिळालं तर ८ जीबीवाल्याच्या नादी लागू नका. मॉनिटर सध्या नको, घरचा टीव्ही आहे की. आणि फ्रेम रेटच्या, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्या आकड्यांमागं अथर्वला लागू देऊ नको. विमान उडवणं हा काही गोळीबाराचा खेळ नव्हे, सेकंदाला ३०-४० फ्रेम स्थिर मिळाल्या तरी उतरणं छान साधतं. स्थिर हा शब्द महत्त्वाचा.

यूपीएस मात्र घ्याच. वळवाच्या दिवसांत आपल्याकडं वीज कशी लपाछपी खेळते ते तुला मी काय सांगायचं. आणि ग्राफिक्स कार्डाच्या नादात एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, हलका घेऊ नकोस.

नेटचं आधी तपासा. २०२४ची आवृत्ती जमिनीचं चित्र चालू उड्डाणातच नेटवरून ओढते. किमान १० एमबीपीएस लागतं, ५० असेल तर बरं. वरच्या खोलीत वायफाय पोचत नाही असं वहिनी मागं म्हणाल्या होत्या, तर राउटरपासून केबलच ओढा. लॅपटॉप घेऊ नका. उन्हाळ्यात तापून धीमा पडतो आणि पुढं त्यात फारसं काही बदलता येत नाही.

वहिनी, आता तुमच्यासाठी. तुमची काळजी रास्त आहे. घरच्या सिम्युलेटरचे तास वैमानिकाच्या लॉगबुकात धरत नाहीत, डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी खात्यानं मान्यता दिलेल्या सिम्युलेटरचेच धरतात. व्यावसायिक परवान्याला किमान २०० तासांचं उड्डाण लागतं, आणि ते बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणी खऱ्या विमानात करावं लागतं. त्याचा खर्च पीसीच्या कितीतरी पट आहे. म्हणून बारावी झाल्यावर फीचा पहिला हप्ता भरण्याआधी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल करून घ्या, आणि त्यानंतर क्लास वन. डोळे, रंग ओळखणं, कान, सगळं त्यात कळतं. मग घरच्या सिम्युलेटरचा उपयोग काय? चेकलिस्ट अंगवळणी पडते. वेग, उंची वगैरे दाखवणाऱ्या समोरच्या सहा घड्याळांवरून नजर कशा क्रमानं फिरवायची ते कळतं. तीन अंशांच्या उतारावर वेग ११५ नॉट, म्हणजे ताशी ११५ सागरी मैल असेल तर मिनिटाला साधारण सहाशे फूट खाली यायचं, हा हिशोब डोक्यात पक्का बसतो. त्यातलं फिजिक्स त्याला पुस्तकापेक्षा लवकर समजेल, हे मी स्वतः अनुभवलंय. एक वाईट सवय मात्र लागते: घड्याळांकडंच बघत राहायची, बाहेर बघायचं नाही. खऱ्या शिक्षणात पहिल्या दिवसापासून बाहेर बघायला सांगतात. त्यामुळे त्यानं अधूनमधून स्क्रीनवरची घड्याळं झाकून नुसतं क्षितिज बघून उडवावं. आणि बारावीच्या वर्षात वेळ तुम्हीच ठरवून द्या, मी त्यात पडत नाही.

दादा, तुला हे सगळं पटलं नाही आणि कन्सोलच घ्यायचा ठरला तरी मी रागावणार नाही. पण अर्धवट पीसी, म्हणजे ८ जीबी रॅम आणि जुनं कार्ड टाकून कसातरी जुळवलेला, तो मात्र घेऊ नका. त्यापेक्षा सहा महिने थांबा. तोवर पेडल बनवायला घ्या, त्याला पीसी लागत नाही. शेवटची चाचणी तुझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवरसुद्धा होईल.

वर्कशॉपात मोजमाप धरून एक चित्र काढ आणि फोटो पाठव. अथर्वचा पाय टाचेपासून बोटापर्यंत किती आहे ते मोजूनच पेडलची पट्टी काप, त्याची उंची अजून वाढतेय, त्यामुळे भोकं दोन-तीन जागी पाडून ठेव.

आईला साष्टांग नमस्कार, अथर्वला खूप आशीर्वाद.

तुझी,
सुमी

ता. क. जॉयस्टिक तिथं घेऊ नका. दिवाळीला येताना मी थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम आणते. तिच्यात हॉल सेन्सर आहे आणि काडी पिळली की रडर चालतो, त्यामुळे पेडल तयार होईपर्यंत त्याचं भागेल.