कोतेगाएशीचा फोटो कुठल्या क्षणाचा असावा?

महोदय,

आयकिडो या जपानी युद्धकलेची बातमी आली की तिच्यासोबत बहुतेक वेळा एकाच प्रकारचा फोटो असतो. एकाने दुसऱ्याचे मनगट धरलेले, आणि तो दुसरा हवेत, पाय वर, डोके खाली. फोटोखाली ओळ असते, 'मनगट पिरगाळून फेकताना'. या फेकीचे नाव कोतेगाएशी. फोटो खराच असतो, पण त्या ओळीत दोन चुका असतात. या फेकीत मनगट पिरगाळायचे नसते. आणि हवेतली ती कोलांटी म्हणजे फेक नव्हे, ती पडणाऱ्याने आपले मनगट वाचवण्यासाठी केलेली सोय आहे.

'कोते' म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात. त्या भागावर चढवायच्या चिलखती हातमोज्यालाही कोतेच म्हणतात आणि केंदो या जपानी तलवारबाजीत तो आजही घालतात. 'गाएशी' म्हणजे उलटवणे. शस्त्र धरलेला हात उलटवून माणसाला पाडायचे आणि शस्त्र काढून घ्यायचे, हा या डावाचा मूळ हेतू. दाइतो-र्यू या जुजुत्सूच्या, म्हणजे जुन्या जपानी झटापटीच्या विद्येच्या, परंपरेतून ताकेदा सोकाकु यांनी तो शिकवला. आयकिडोचे संस्थापक उएशिबा मोरिहेई त्यांना १९१५ साली होक्काइदोतल्या एंगारु इथे भेटले आणि तिथून हा डाव पुढे आयकिडोत आला. आयकिडो हे नाव तर १९४२ सालचे.

डाव प्रत्यक्षात कसा होतो ते नीट सांगतो. फेकणाऱ्याला नागे आणि पडणाऱ्याला उके म्हणतात. उके उजव्या मुठीने पोटावर ठोसा मारतो. नागे डावा पाय त्या हाताच्या बाहेरच्या बाजूला टाकून आत शिरतो. त्याचा डावा तळवा उकेच्या हातावर टेकतो आणि मनगटाकडे घसरत जातो, झडप घालून पकडायचे नसते. अंगठा उकेच्या पंजाच्या पाठीवर, अनामिका आणि करंगळी यांच्या सांध्यांमागच्या खोलगट जागेत बसतो. बाकीची बोटे त्याच्या अंगठ्याखालच्या मांसल भागाला वेढतात. मग नागे वळून डावा पाय मागे घेतो. उकेची मूठ या वेळी नागेच्या बेंबीसमोर असते आणि उकेचा कोपर साधारण काटकोनात वाकलेला. आता उजवा तळवा उकेच्या बोटांवर ठेवून मूठ त्याच्याच कोपराकडे दुमडायची आणि कंबर वळवत त्याच्या उजव्या टाचेमागच्या जमिनीकडे सोडायची.

सगळी गोम त्या 'दुमडायची' या शब्दात आहे. पुढचा हात तळवा वर येईल अशा दिशेने मधल्या स्थितीपासून जेमतेम ८० ते ९० अंश फिरतो. तिथे तो संपला की फिरणे दंडात जाते, दंडातून खांद्यात, खांद्यातून कण्यात. कणा कलला की वजन टाचांवर येते आणि माणूस मागे बसतो. फेक म्हणतात ती हीच. याला पाऊण सेकंद लागो की दोन सेकंद, क्रम हाच राहिला पाहिजे. हात कोपराकडे न दुमडता नुसता बाहेरच्या बाजूला पिळला, तर कोपर सरळ होतो, खांदा सुटा राहतो आणि सगळा ताण मनगटाच्या करंगळीकडच्या अंगाला, तिथल्या त्रिकोणी कूर्चेवर येतो. ती दुखावली की किल्ली फिरवतानाही कळ येते आणि बरी व्हायला महिने लागतात. माणूस पडत नाही, मनगट मात्र जाते.

मग या फेकीत बदल काय झाला? आधीच्या सरावात ही फेक आखूड होती. मोकळा उजवा हात आधी तोंडावर जायचा. त्याला आतेमी म्हणतात. तो लागावा म्हणून नव्हे, तर हनुवटी वर जावी आणि वजन टाचांवर यावे म्हणून. मग मूठ दुमडून उकेला जवळच, जवळजवळ पायाशी पाडायचे, कारण लगेच त्याचा कोपर त्याच्या तोंडावरून पलीकडे ढकलत, डोक्याला वळसा घालत त्याला पालथा करायचा आणि खांदा अडकवून हातातला सुरा काढून घ्यायचा. दूर भिरकावलेल्या माणसाच्या हातातून सुरा कसा काढणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर तोक्योच्या होम्बू दोजोत, म्हणजे आयकिडोच्या मुख्य आखाड्यात, मोरिहेई यांचे पुत्र किश्शोमारु उएशिबा यांच्या हाताखाली सरावाचा घेर मोठा झाला. नागे अर्धे वर्तुळ वळतो, उके त्याच्यामागे ओढला जात धावतो आणि ऐन वेळी दिशा उलटते. कोणी याला शोभेचा प्रकार म्हणतात. ते मला पटत नाही. धावत्या उकेचे बाहेरचे पाऊल जमिनीला टेकायच्या क्षणी हात उलटला तर आतेमीवाचूनही वजन टाचेवर येते, म्हणजे जे काम तोंडाकडे जाणारा हात करायचा तेच वर्तुळ करते. अडचण वेगळीच आहे. नागे तो क्षण चुकवतो, थबकतो, उके दोन्ही पाय रोवून उभा राहतो, आणि मग हाती उरते ती फक्त ताकद. आतेमी तर आधीच गेलेली असते.

हवेतली कोलांटीही इथेच रुजली. हात अंगाच्या पुढे निघून गेला की उकेला दोन वाटा असतात: मनगट पिळू द्यायचे, नाहीतर स्वतःच त्या हातावरून उडी घेऊन अंग हाताच्या पुढे न्यायचे. सरावलेला उके दुसरी वाट धरतो. ती शिकावीच लागते. पण फेकण्याआधीच उडणारा उके मिळाला की आपला हात चुकतोय हे नागेला वर्षानुवर्षे कळत नाही.

शाखांनी वेगवेगळी उत्तरे शोधली. उएशिबांचे शिष्य शिओदा गोझो यांच्या योशिनकान या शाखेत हीच फेक आकडे मोजत, टप्प्याटप्प्याने शिकवतात, त्यामुळे प्रत्येक पाऊल तपासता येते. दुसरे शिष्य तोमिकी केंजी यांनी आपल्या १७ मूलभूत डावांत मनगटाचे चार ठेवले. त्यांतले कोतेहिनेरी आणि कोतेगाएशी हे एकमेकांचे उलटे डाव आहेत. आत पिळायला विरोध झाला की त्याच विरोधाचा जोर बाहेर दुमडायला मिळतो. त्यांच्या शाखेत मऊ सुरा घेऊन खराखुरा प्रतिकार करणाऱ्यावर हे करावे लागते, म्हणून तिथली फेक पुन्हा आखूड झाली. १९५६ साली ठरलेल्या कोदोकान गोशिन-जुत्सू या ज्यूदोच्या स्वसंरक्षण-संचाच्या २१ डावांतही ती आहे. ज्यूदोच्या सामन्यात मात्र कोपराखेरीज कुठल्याही सांध्याला पेच घालता येत नाही, तेव्हा तिथे ती फक्त 'काता'मध्ये, म्हणजे ठरवून करायच्या सरावात, उरली.

शिकवणाऱ्यांना सांगणे एवढेच की नवख्यांना आधी आखूड रूप द्यावे, मागे बसत पडणे पक्के करून घ्यावे, आणि उडी त्यानंतर. उकेने सुटा हात मांडीवर किंवा मॅटवर थोपटला की तिथेच थांबायचे, 'अजून थोडे' म्हणायचे नाही.

संपादकांकडे मागणी आहे ती फोटोची. ओसाकाच्या आसाही वृत्तपत्राच्या कचेरीत १९३० च्या दशकात आधी उएशिबा आणि १९३६ पासून स्वतः ताकेदा शिकवायला येत. तिथल्या कर्मचाऱ्यांनी डाव विसरू नयेत म्हणून शिकल्यावर ते पुन्हा करून त्यांचे फोटो काढून ठेवले. त्या फोटोंचा उपयोग हात कुठे, पाय कुठे हे कळण्यासाठी होता. आपल्याकडेही कोतेगाएशीचा फोटो छापायचा झाला तर उडीच्या एक क्षण आधीचा निवडावा: मूठ बेंबीसमोर, कोपर वाकलेला, अंगठा अनामिका-करंगळीच्या मागे, आणि उकेची टाच नुकती जड झालेली. खाली ओळ द्यावी, 'कोतेगाएशी: हात कोपराकडे दुमडताना'.

आपला,
आयकिडो शिकवणारा एक वाचक